मागच्या चाकाचे गट्टू

'काल तोर्रेंत' मळा, बेर्गाच्या वर
१६ फेब्रुवारी २००३

पाच ओळी! नाताळानंतरचं पहिलं पत्र, आणि त्यात पाच ओळी. अक्षरं एवढाली मोठी की एका ओळीत चार शब्द मावले नाहीत. कागद भरलेला दिसावा म्हणून केलंस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. मी शाळेत दोनच हिवाळे गेले, पण ही युक्ती तुझ्या जन्माआधी वापरून झालेली आहे. आणि त्या पाच ओळींत 'आजी, कशी आहेस' कुठेच नाही. 'मागच्या ब्रेकचे गट्टू हवेत, हिरवे, इसिद्रे आजोबांना सांग.' मी काय दुकान मांडलंय?

असो. केराल्त, पोरी, मी बरी आहे. कान गेलेत ते गेलेत. फोनवर मला माणूस आणि मेंढी एकसारखीच ऐकू येते, म्हणून लिहायचं. तुझा बाप ट्रक घेऊन फ्रान्सात आहे, त्याचं कार्ड आलं. त्यावर तुझ्याइतक्याच ओळी. रक्तातच आहे.

खालची कार्मेता परवा विचारत होती, 'तुमची नात जिरोनाला काय शिकते?' मी म्हटलं, जिला बसायला सीटच नाही अशा सायकलवरून दगडावरून दगडावर उड्या मारते, आणि जमिनीला पाय टेकला की दंड. ती म्हणाली, 'आणि याचं पुढे काय होतं?' मी म्हटलं, 'तुझा मुलगा बँकेत बसतो, त्याचं पुढे काय होतं?'

तुझे गट्टू इसिद्रेने दिलेत. फुकट नाही दिले, भाषण ऐकवून दिले. हा माझा भाऊ तरुणपणी मोटारसायकलने कड्यांवर चढायचा, तेव्हाही त्याच्या तोंडाला ब्रेक नव्हता. मला विचारतो, 'रिम घासलेली आहे का तिची?' म्हटलं, 'मी ती कधी चाटून बघितली नाही.' मग त्याने ग्राइंडरने घासलेल्या रिमवर माझं बोट फिरवलं. जायफळाच्या किसणीसारखी. म्हणाला, 'अशा रिमला काळे, कडक गट्टू. धरतात आणि टिकतात. पिवळे मऊ, ते गुळगुळीत रिमचे. हिरवे मधले. पोरगी इतकी वर्षं काळेच घेते, आज हिरवे कशाला?' मी म्हटलं, 'रंग आवडला असेल.' त्याला राग आला. तो गट्टू स्वतः ओततो, त्यामुळे त्याला वाटतं ती त्याची लेकरं आहेत.

हिरवे पाठवले आहेत. सोबत सुका सॉसेज आहे, तो एकटीने खाऊ नकोस.

रेमेई, तुझी आजी


जिरोना
९ मार्च २००३

आजी,
हिरवे लावले. धरत नाहीत. उंच दगडाच्या कडेला मागच्या चाकावर उभं राहायचं असतं, तिथे चाक सरकतं. इथे पाऊस आहे, रिम ओली होते, म्हणून असेल. पिवळे पाठव.
ईस्टरला येत नाही. सराव आहे. मोठ्या स्पर्धेची निवड जूनमध्ये आहे. मुलींतून एकच जाते. नार्सिस सर म्हणतात, माझं नाव पुढे आहे.
सॉसेज आयनोआबरोबर खाल्ला. ती माझ्या खोलीत राहते. बास्क आहे, पण चांगली आहे. रात्री माझ्या पावाला टोमॅटोसुद्धा तीच चोळून देते. म्हणजे बघ, मी किती मजेत आहे.
के.


काल तोर्रेंत
२२ एप्रिल २००३

टोमॅटो चोळायला बाई ठेवलीस? अभिनंदन. तुझ्या आजीने एका हातात काठी आणि काखेत कोकरू धरून पावाला टोमॅटो चोळला आहे, पण ती काही खेळाडू नव्हती. आमच्या घरात दोन वर्षांचं पोर स्वतःचा टोमॅटो स्वतः चोळतं. उद्या तोंडही तिच्याकडूनच धुऊन घे.

ईस्टरचा केक केला होता. मी तुझी धर्ममाता आहे, तो देणं माझं काम आहे. येऊन घेणं तुझं काम होतं. चॉकलेटचं अंडं लावलं, पिवळं पिल्लू लावलं. सोमवारी उशिरापर्यंत टेबलावर ठेवला. मग इसिद्रेने खाल्ला. पिल्लासकट. म्हणाला, 'नात आली नाही म्हणून केकला का शिक्षा?'

तुझे पिवळे गट्टू त्याच्याकडून काढायला मला भांडावं लागलं. 'घासलेल्या रिमला पिवळे? किसणीवर लोणी घासल्यासारखं होईल! आठवड्यात संपतील!' मी म्हटलं, 'संपले तर तुझं काय जातं, नवे ओत.' तो म्हणाला, 'माझं काही जात नाही, पण ती मला विचारत का नाही? आधी सगळं विचारायची. रिम किती घासू, गट्टू किती तिरका बसवू, आवाज कसा यायला हवा. आता नुसती मागते.' मला वाटतं त्याला वाईट वाटलंय. माझ्या भावाला वाईट वाटलं की तो हातोडा शोधत बसतो. कालपासून तीन सापडलेत.

पिवळे घे. पाऊस थांबला असेल एव्हाना, तेव्हा पुढच्या वेळी दुसरं कारण शोधून ठेव.

आणि तुझं अक्षर सुधार. माझ्या वेळी आपली घरात बोलायची भाषा शाळेत लिहू देत नव्हते, म्हणून मी लिहिताना चुकते. तुला कोणी अडवलं होतं?

रेमेई


जिरोना
८ मे २००३

आजी,
हे मी आयनोआ लिहिते आहे, केराल्त सांगते आहे. तिचे हात ग्रीसने भरले आहेत आणि टपाल आत्ताच निघेल. तुम्हाला माझा नमस्कार.
ती सांगते ते असं: पिवळे बरे आहेत, पण पुरत नाहीत. निवड एक जूनला, जुन्या दगडाच्या खाणीत. शेवटी शिळांवर शिळा रचून मनोरा केला आहे. त्यावरून खालच्या शिळेवर उतरायचं, आणि उतरताच मागचं चाक जागच्या जागी बांधल्यासारखं थांबलं पाहिजे. नाही थांबलं तर पुढे नुसती हवा आहे.
इथे काही जण रिमला डांबर लावतात. मेंढ्यांवर खुणा करायचं आपलं डांबर त्यांच्यापेक्षा चांगलं आहे. एक डबी पाठव. इसिद्रे आजोबांना सांगू नकोस, ते चिडतील.
ती म्हणते, तब्येत छान आहे, भूक चांगली लागते.
(हे माझं: भूक खरंच चांगली लागते.)
केराल्तकरता, आयनोआ


काल तोर्रेंत
१४ मे २००३

इसिद्रेला सांगू नकोस असं लिहिलंस, म्हणून पत्र घेऊन तडक त्याच्याकडेच गेले.

नाही, खोटं कशाला लिहू, तोच इथे आला होता. मेंढ्यांची लोकर कापून झाली, आता पाठीवर खुणा करायच्या होत्या. मी चुलीवर डांबर तापवत होते, तो मेंढ्या धरत होता. पत्र मी मोठ्याने वाचलं. तो हसला. म्हणाला, 'आता चाकाला खिळा ठोकायचा तेवढा राहिला.' आणि मग, त्याच्या नेहमीच्या भाषणातलं, 'काळ्या गट्टूला बोटाचा जोर लागतो, हिरव्याला कमी, पिवळ्याला त्याहून कमी. डांबर लावलं तर काय, बोट नुसतं टेकवलं तरी पुरे.' एवढं बोलून तो पुढची मेंढी आणायला गेला. त्याला स्वतःलाच कळलं नाही आपण काय बोललो ते.

मला कळलं. माझ्या हातातला खुणेचा शिक्का गार होईपर्यंत मी तशीच उभी होते.

माझ्या आईचा हात म्हातारपणी गेला. तिने कोणाला सांगितलं नाही. पण धारा काढायला बसली की ती आधी मऊ सडांच्या मेंढ्या निवडायची. कडक सडांच्या मेंढ्या हळूहळू माझ्या वाट्याला यायला लागल्या. मला वाटायचं, म्हातारी आळशी झाली. मग एक दिवस तिच्या हातातून बादली निसटली.

काळे, हिरवे, पिवळे, डांबर. पाच ओळी, पाटीवरच्यासारखी अक्षरं. मग आयनोआचं सुंदर अक्षर. आणि टोमॅटो! मी टोमॅटोवरून तुला टोमणा मारला आणि तू तो गिळलास. तू? टोमणा गिळणारी तू कधीपासून झालीस?

उजवा हात. मागचा ब्रेक उजव्या हाताला असतो, इसिद्रेला विचारून घेतलं. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, केराल्त. हाताला काय झालंय?

डांबर पाठवत नाही. काळे गट्टू पाठवते. हे लाव. खाणीत नाही, दगडावर नाही, तुमच्या दाराच्या पायरीवर. पुढचा ब्रेक सोड आणि उजव्या बोटाने सायकल धरून दाखव. मला नको, आयनोआला दाखव. धरता आली तर मी स्वतः डांबर घेऊन येईन आणि तुझी माफीही मागेन. ती मी आजवर पाद्र्याकडेसुद्धा मागितलेली नाही.

रेमेई


जिरोना
२४ मे २००३

आजी,

हे मी लिहिते आहे. पेन मुठीत धरलंय, सुरी धरतात तसं. दोन संध्याकाळी लागल्या. आता अक्षराबद्दल बोल.

जानेवारीत पडले. सभागृहातली स्पर्धा होती, लाकडी ठोकळे होते, मी हातावर पडले. मनगट सुजलं, मग उतरलं. मला वाटलं संपलं. मग अंगठा आणि पहिलं बोट झोपायला लागलं. सकाळी उठतं, सराव सुरू झाला की झोपतं. लिव्हरवर ठेवलंय की नाही ते बघून कळतं, नुसतं कळत नाही.

डॉक्टरकडे गेले नाही. गेले की कागद सरांकडे जातो, आणि सर मला बसवतात. त्या जागी लेइदाची मुलगी जाते. पुढच्या वर्षी माझी आठवण कोणाला राहणार? मी सात वर्षांची असल्यापासून कुंपणाच्या दगडांवर चढते आहे, तू मला झाडूने खाली उतरवायचीस. मला येतं ते एवढंच. कार्मेताचा मुलगा बँकेत बसला, मी कुठे बसू?

काळे लावले. पायरीवरसुद्धा धरता आली नाही. झालं समाधान? ते काढून पिवळे लावले. आणि डांबर मिळालं. ओलोतच्या एका मुलाने दिलं. काल वापरलं, बोट टेकवलं की चाक थांबतं. भिंतीत गाडल्यासारखं. म्हणजे मला जमतंय. फक्त एक रविवार निभवायचाय, मग मी तुला हवं त्या डॉक्टरकडे जाईन.

सरांना किंवा इसिद्रे आजोबांना सांगितलंस तर मी पुन्हा घरी येणार नाही. हे मी रागात लिहीत नाहीये. मुठीत पेन धरून माणूस रागात लिहू शकत नाही, फार वेळ लागतो.

केराल्त


काल तोर्रेंत
२५ जून २००३

दाराशी टपालवाला आला की इसिद्रे मला खूण करतो, आणि मी हात हलवून 'नाही' म्हणते. आता त्याने खूण करायचंही सोडलंय.

तू म्हणशील, त्या रविवारी काय झालं ते मला सांगायला नको, मी तिथेच होते. होतीस, पण तू माझ्याकडे बघत नव्हतीस. म्हणून मी जे बघितलं ते लिहिते.

तुझं पत्र आलं तेव्हा उलट पत्र पाठवायला वेळ नव्हता. आणि पत्राने तू ऐकलं असतंस का? मेंढ्या कार्मेताच्या हवाली केल्या. तिने एका मेंढीला तुझ्या बापाच्या नावाने हाका मारल्या म्हणे, ते जाऊ दे. इसिद्रेच्या गाडीत बसले. त्याला वाटेत सांगितलं. तो पुढे अख्ख्या रस्त्यात बोलला नाही. इसिद्रे! मी दोनदा बघितलं, जिवंत आहे की नाही.

खाणीत ऊन असं होतं की दगड डोळ्यांत खुपत होते. तो मनोरा आमच्या मेंढवाड्याच्या छपराएवढा. खाली गादी नाही, काही नाही, फक्त खडी. तू सायकल घेऊन रांगेत उभी होतीस आणि डावा हात उजव्या बोटांवर चोळत होतीस, थंडीत चोळतात तसा. जूनमध्ये.

मी दोरीखालून आत आले. तू म्हणालीस, 'आजी, बाहेर हो! इथे कोणाला येऊ देत नाहीत.' तुझे ओठ मला वाचता येतात. मी म्हटलं, 'जेवलीस का?' पिशवीतून पाव काढला आणि अर्धा टोमॅटो तुझ्यापुढे धरला. तुझ्या मागच्या मुली हसल्या. तुझे ते नार्सिस सर टोपी सावरत आले, तेही हसत होते. 'आजीबाई, आधी स्पर्धा, मग सगळे मिळून जेवू.' मी म्हटलं, 'तुम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहा, साहेब. पोरी, चोळ.'

तू टोमॅटो डाव्या हाताने घेतलास. मी म्हटलं, 'उजव्या.'

तू माझ्याकडे जसं बघितलंस तसं आजवर माझ्याकडे कोणी बघितलेलं नाही. माझा नवरा मला घाबरायचा, पण त्यानेही नाही. मग तू तो उजव्या हातात घेतलास. पावावर टेकवलास. तो तुझ्या बोटांतून निसटला आणि खडीवरून घरंगळत थेट तुझ्या मागच्या चाकापाशी गेला.

मुली हसायच्या थांबल्या. नार्सिस खाली वाकला. मला वाटलं टोमॅटो उचलेल, पण तो चाकाकडे बघत होता. उन्हाने डांबर वितळलं होतं, केराल्त. रिमवरून ओघळून तारांवर आलं होतं. डांबराचं मला कोणी सांगायला नको. सकाळी गारठ्यात ते काचेसारखं तडकतं आणि दुपारी मधासारखं सुटतं. मेंढीच्या पाठीला त्याने फरक पडत नाही, ती मनोऱ्यावरून उडी मारत नाही. नार्सिसने बोट लावलं, बोटाला पाकासारखी तार आली. त्याने तुला विचारलं, 'कधीपासून?' तू उजवा हात पाठीमागे घेतलास. त्याने तुझ्या सायकलवरचा नंबर स्वतःच्या हाताने काढला.

तू ओरडलीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे बघितलं नाही. कान गेल्याचा एवढाच फायदा असतो, तो मी घेतला.

पुढचं मला नार्सिसच्या फोनवरून कळलं, म्हणजे इसिद्रेकडून, म्हणजे अर्धंच. मनगटातलं हाड जानेवारीपासून तुटलेलंच होतं आणि ते नसेवर बसलं होतं. शस्त्रक्रिया झाली. प्लास्टर आहे. बोट जागं होईल की नाही, ते पानगळीत, चेस्टनट भाजायच्या दिवसांत कळेल. तुझ्या जागी लेइदाची मुलगी निवडली गेली. हे सगळं खरं का?

बेर्गाची पातूमची जत्रा झाली. सैतान नाचले, आग उडाली, चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. दरवर्षी तिथल्या ठिणग्यांनी जळणारी तुझी टोपी खुंटीवरच राहिली. मी गेले नाही. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. तुझ्यासारखंच.

तू म्हणाली होतीस, सांगितलंस तर घरी येणार नाही. मी सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हा येऊ नकोस. घरी न येणारी पण दोन हातांची नात मला चालेल. घरी येऊन दाराची कडी काढता न येणारी चालणार नाही, आणि त्या मनोऱ्याखालून उचलून आणलेली तर मुळीच नाही. यात मला पस्तावा नाही. तो शोधायला माझ्या पत्रात ओळींच्या मधे वाचू नकोस, तिथे काही नाही.

तुझी सायकल आमच्याकडे आहे, गाडीतून आणली. इसिद्रे रोज रॉकेल आणि चिंधी घेऊन तिचं डांबर काढतो आणि ओलोतच्या त्या मुलाच्या सात पिढ्या मोजतो. रिम पुन्हा घासली. नवे काळे गट्टू ओतले आणि बसवले. मला म्हणाला, 'दाब.' मी एका बोटाने लिव्हर दाबली, चाक जागच्या जागी. माझं बोट पाऊणशे वर्षांचं आहे. तुझं जागं झालं तर तूही दाबशील. नाही झालं तर सायकल मेंढवाड्यात टांगलेली राहील, आणि आपण दोघी बसून ठरवू तू कुठे बसायचं ते. बँकेत नाही, एवढं नक्की.

आता उत्तराचं. नार्सिसचं नको, तो फोनवर बोलतो आणि इसिद्रे विसरतो. आयनोआचंही नको, पोरगी चांगली आहे, अक्षर सुंदर आहे, आणि म्हणूनच ते मला बघवत नाही. तू लिहायचंस. डाव्या हाताने. पाच ओळी नकोत, एक पुरे. अक्षर कागदभर मोठं असू दे. शिवी असली तरी चालेल. पण तूच लिहायचंस.